गुरुवारची चार ते सहा

पाडव्याच्या सकाळी आमच्या घरात सगळ्यांत आधी जागा व्हायचा तो पाटा. आई कडुलिंबाची कोवळी पानं, ओवा, मीठ, चिंच आणि गूळ एकत्र वाटायला घ्यायची, आणि वरवंट्याच्या त्या घरघरीने दहा बाय बाराच्या खोलीतल्या आम्हा सगळ्यांना उठावंच लागायचं. मग सुपारीएवढी गोळी प्रत्येकाच्या हातावर. धाकटा भाऊ ती गालात लपवून गॅलरीत जाऊन थुंकायचा. आईला हे ठाऊक असायचं आणि दर वर्षी तो परत आला की ती त्याला मुकाट्याने दुसरी गोळी द्यायची. बाबा गॅलरीच्या कठड्याला गुढी बांधत. तिला आईच्या लग्नातला हिरवा खण, साखरेची माळ, कडुलिंबाचा डहाळा आणि वर पालथा तांब्या. दुपारी काळ्या वाटाण्याचं सांबारं, वडे आणि नारळाच्या रसातल्या शेवया. परळच्या आमच्या चाळीत त्या दिवशी तिन्ही जिन्यांना तळणीचा वास असायचा, आणि गिरणीचा भोंगासुद्धा त्या वासातून आल्यासारखा जरा मऊ वाटायचा.

मला मात्र ओढ असायची ती अकरा वाजताची. अकराला तळमजल्यावर, जिन्याखालच्या मंडळाच्या खोलीत, फळा पुसला जाई.

आमच्या सेवा मंडळाचं नाव बरंच लांबलचक होतं. ते फक्त दारावरच्या पाटीला पाठ होतं. लोक नुसतं 'सोबत' म्हणत, कारण मंडळाचं काम तेवढंच होतं. चाळीपासून दहा मिनिटांवर मोठं इस्पितळ. तिथे कोकणातून, घाटावरून, कुठून कुठून माणसं यायची. एक आजारी आणि त्याच्याबरोबर एक नातेवाईक. आजाऱ्याकडे डॉक्टर बघायचे, नातेवाइकाकडे बघायला कोणी नसायचं. तो खाटेजवळच्या स्टुलावर आठ-आठ दिवस बसून असायचा. त्याला जेवायला, अंघोळीला, दोन कपडे धुवायला जाता यावं म्हणून आमच्या मंडळाचा सभासद दोन तास त्या स्टुलावर जाऊन बसायचा. इस्पितळाने मंडळाला जाड पुठ्ठ्याचे चार पास दिले होते. हे मंडळ काढलं राणेमामांनी. ते त्याच इस्पितळात जन्मभर वॉर्डबॉय होते. कोणी त्यांच्यापुढे समाजसेवा वगैरे शब्द काढला की ते कानकोंडे होत. "अहो, बरोबरच्या माणसाला संडासला जायला मिळालं पाहिजे, एवढंच," असं ते म्हणत आणि विषय संपवत.

मंडळाचं सभासदत्व म्हणजे आठवड्यातली एक पाळी. सोमवार ते रविवार असे रकाने फळ्यावर आखलेले, आणि प्रत्येक रकान्यात दोन-दोन तासांची नावं. पाडव्याला मामा तो फळा ओल्या फडक्याने स्वच्छ पुसून टाकत. जुना सभासद असो की मामांचा सख्खा भाऊ, सगळ्यांची नावं पुसली जात. मग ज्याला पाळी हवी त्याने खोलीत येऊन, मामांसमोर उभं राहून, स्वतःच्या तोंडाने "यंदा मी आहे" म्हणायचं. तेवढं म्हटलं की मामा खडूने नाव लिहीत. नवऱ्याने बायकोचं, आईने मुलाचं नाव सांगितलेलं चालत नसे. एका वर्षी पहिल्या मजल्यावरचे गुरव तापाने फणफणले होते, तर मामा स्वतः वर गेले, त्यांच्या तोंडून ऐकलं आणि खाली येऊन लिहिलं. आम्हा पोरांना याचं हसू यायचं. आपापसात आम्ही त्याला 'मामांचं लग्न' म्हणायचो, कारण त्यात अंतरपाट तेवढा धरायचा बाकी होता.

दुसरा नियम बसण्याचा. आपला माणूस स्टुलावर टेकल्याशिवाय नातेवाइकाने उठायचं नाही, आणि पुढचा आल्याशिवाय आपण उठायचं नाही. हे दोन्ही नियम मी सोळाव्या वर्षापासून ऐकत होते. म्हणून मला ते ठाऊक नव्हते असं मी कुठेही म्हटलेलं नाही, आणि या पानांवरही म्हणणार नाही.

मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाच्या पाडव्याला फळा अर्धा रिकामा राहिला. काही माणसं गावी गेली होती, काहींनी डोंबिवलीला जागा घेतली, काही नुसती कंटाळली. माझं कॉलेजचं दुसरं वर्ष होतं आणि अंगात भलताच उत्साह होता. मी मामांना म्हटलं, आपण सभासद मोहीम काढू. छापील अर्ज करू, घरोघर जाऊ. पाडव्याला लोक खाली येत नाहीत तर आपण त्यांच्याकडे जायचं. मामांचा गुडघा तेव्हा सुजला होता, ते खुर्चीवर पाय लांब करून बसले होते. ते म्हणाले, कर, पण विचारून लिही. मी हो म्हटलं. अर्ज छापून आले तेव्हा त्यावर नाव, पत्ता, वार, वेळ आणि सही, एवढं होतं. मला तो कागद फार आवडला. फळ्यापेक्षा तो किती शहाणा दिसत होता.

पाडव्यानंतर चैत्रातली हळदीकुंकवं सुरू होतात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू तसं गिरगाव-दादरच्या घरांतलं, पण आमच्या चाळीतल्या बायकांनीही ते हौसेने उचललं होतं. गौर झोपाळ्यात बसलेली, पुढे करंज्या आणि कलिंगडाच्या फोडी. बायकांना आंबेडाळ, कैरीचं पन्हं आणि ओटीत भिजवलेले हरभरे. रोज कोणाकडे तरी असायचं, कधी कधी दोन-दोन घरी. मी पिशवीत अर्ज घेऊन प्रत्येक ठिकाणी हजर. अख्ख्या मजल्यावरच्या बायका एका खोलीत सापडत होत्या, यापेक्षा सोयीचं काय? मी पन्ह्याचा पेला हातात असतानाच त्यांच्यापुढे कागद धरायचे. "काही करायचं नाही हो काकू, नुसतं बसायचं. आणि पाळी तरी कुठे रोज येतेय." बायका एकमेकींकडे बघत, हसत आणि सही करत. देवीसमोर, सणाच्या घरात, कोणी तोंडावर नाही म्हणत नाही. हे मलाही कळत होतं. मी त्याचाच फायदा घेत होते, हे मात्र तेव्हा मला कळून घ्यायचं नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या कदमांकडे वनिता वहिनी नवीन लग्न होऊन आल्या होत्या. माझ्याहून फार तर दोन वर्षांनी मोठ्या. त्यांच्याकडच्या हळदीकुंकवाला मी अर्ज काढला, तर त्यांनी आधी सासूकडे बघितलं. सासूबाई कलिंगड चिरत होत्या. त्या न बघताच म्हणाल्या, "कर गो सही. पोर एवढी दारात आली आहे." वहिनींनी सही केली. वार आणि वेळेचा रकाना त्यांनी कोराच ठेवला, तो मी घरी येऊन भरला. गुरुवार, चार ते सहा. ती पाळी रिकामी होती ना. सही करताना वहिनींचा चेहरा कसा होता ते मला आजही जसंच्या तसं आठवतं. त्यांना दुपारी चाळीबाहेर एकटीने पाऊल टाकायला मिळत नव्हतं, हे सगळ्या मजल्याला माहीत होतं आणि मलाही.

तीन आठवड्यांत माझे एकेचाळीस अर्ज झाले. फळा भरून वाहिला. बाबा गिरणीतून आले की मुद्दाम मंडळाच्या खोलीवरून वळसा घेऊन फळा वाचत आणि वर येऊन आईला काही न सांगता नुसते खाकरत. बाबांचं कौतुक तेवढंच असे, पण ते मला पुरत होतं.

त्याच दिवसांत वॉर्डात देवगडकडचे एक म्हातारे आले होते, गोपाळ आबा. बरोबर त्यांची बायको पारूबाई. मुलगा परदेशी बोटीवर कामाला, त्याला कळवलं होतं पण तो पोचायला वेळ होता. त्यांची मंगळवारची पाळी माझी होती. आबांना दिसायचं कमी झालं होतं. ते गुंगीत असायचे आणि दर थोड्या वेळाने डोळे उघडून विचारायचे, "कोन आसा?" आपण म्हणायचं, "मी आसंय." की ते परत डोळे मिटायचे. कोण 'मी', हे त्यांनी मला कधी विचारलं नाही. कोणीतरी आहे एवढं कळलं की त्यांचं भागायचं. दोन तासांत वीसेक वेळा तरी हे व्हायचं. पारूबाई ते दिवसरात्र करत होत्या.

त्या मंगळवारी मी उठता उठता त्यांनी मला जरा संकोचून विचारलं, की गुरुवारी कोणी येईल का. लालबागला त्यांच्या गावकऱ्यांची खोली होती, तिथे अंघोळीची सोय होती, पण तिथला नळ चारला यायचा आणि अर्ध्या-पाऊण तासात जायचा. आपला माणूस चारला येणार आणि मग त्या निघणार, म्हणजे पोचेपर्यंत पाणी गेलेलं. सहा दिवस त्यांच्या अंगाला पाणी लागलं नव्हतं. त्यांच्या लुगड्याला वॉर्डातल्या औषधांचा वास बसला होता. मला वाईट वाटलं आणि जरा अभिमानही वाटला, की आपल्याकडे आता माणसं आहेत. मी म्हटलं, "तुम्ही पावणेचारलाच निघा मावशी. चारच्या ठोक्याला माणूस येईल. निर्धास्त जा."

बुधवारी मी वनिता वहिनींना आठवण करायला वर गेले नाही. गेले असते तर त्या नाही म्हणतील, अशी मला भीती होती. तसं झालं तर माझे चाळीसच राहिले असते.

गुरुवारी दुपारी मी गिरगावात होते. आईच्या मावसबहिणीकडे हळदीकुंकू होतं, तिच्या वाडीतल्या बायका शिकलेल्या, नोकरीच्या, त्या सह्या करतील असं मावशीनेच कळवलं होतं. मी बसने गेले. तिथली आंबेडाळ आमच्याकडच्यापेक्षा गोडसर होती आणि वर खवलेलं खोबरं भरपूर. मी दोनदा घेतली. मला सात सह्या मिळाल्या. परळला येऊन चाळीच्या दारात शिरले तेव्हा सहा वाजून गेले होते. गिरणीच्या पहिल्या पाळीची माणसं आंघोळी करून ओट्यावर बसली होती. राणेमामा मंडळाच्या खोलीच्या उंबऱ्यात उभे होते, त्या सुजलेल्या गुडघ्यावर.

त्यांनी मला आत बोलावलं आणि सांगितलं, की आबा गेले. साडेचारच्या सुमाराला. स्टुलावर कोणी नव्हतं. वॉर्डातल्या सिस्टरने मामांना निरोप धाडला, मामा लंगडत पोचले आणि त्यानंतर वीस मिनिटांनी पारूबाई आल्या. धुतलेलं लुगडं नेसलेल्या, केस ओले, हातात मंडळाच्या डब्यात आबांसाठी पेज.

मी सगळ्यांत आधी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, "गुरुवार चार ते सहा वनिता वहिनींची पाळी होती."

मामा म्हणाले, "ठाऊक आहे. तिला विचारलं होतंस?"

"सही आहे तिची."

"सही मी बघितली, कुंदा. तिला विचारलं होतंस का?"

माझ्या हातात गिरगावच्या सात अर्जांची पिशवी होती. मामांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही. ते खुर्चीत बसले आणि गुडघा चोळत राहिले. आयुष्यात मी पुष्कळ बोलणी खाल्ली, काही न्यायाने, काही अन्यायाने. त्या संध्याकाळी मामा ओरडले असते तर मी त्यांची जन्मभर ऋणी राहिले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते मला वॉर्डात घेऊन गेले. आबांच्या खाटेवर तोवर दुसरा आजारी आला होता. शेजारच्या खाटेवर एक पन्नाशीचे गृहस्थ होते. त्यांच्या घशाचं मोठं ऑपरेशन झालं होतं, आवाज गेला होता. ते लहान मुलांच्या पाटीवर लिहून बोलत. माझ्या मंगळवारच्या पाळीमुळे ते मला ओळखत होते. त्यांनी मला बघितलं, उशीखालून पाटी काढली आणि सावकाश लिहून माझ्याकडे वळवली. 'तीनदा विचारलं. मला बोलता येत नाही. पेला वाजवला.' मग ती ओळ पुसून आणखी लिहिलं. 'सिस्टर येईपर्यंत झालं होतं.' त्यांच्या खाटेच्या लोखंडी दांडीला एका जागी रंगाचे टवके उडालेले मला दिसले. स्टीलचा पेला त्यांनी किती जोरात वाजवला असेल, त्याचा अंदाज आला. मी तिथे रडले नाही, कारण रडायचा मला हक्क आहे असं वाटेना.

चाळीत मात्र तोवर निकाल लागला होता. फळ्यावर नाव वनिता कदम, म्हणजे चूक वनिता कदमची. नळावर बायका तिच्याकडे बघून गप्प होऊ लागल्या. ज्या सासूने कलिंगड चिरता चिरता सही करायला सांगितली, तीच आता गॅलरीत उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणत होती, की झेपत नाही तर सह्या कशाला करायच्या, आमच्या घराण्याला बट्टा. वहिनी खाली मान घालून बादली भरत आणि जिना चढत. मी शुक्रवारी हे बघितलं, शनिवारी बघितलं. दोन्ही दिवस मी आमच्या खोलीत पुस्तक उघडून बसले. माझ्या बाजूने बोलणारं एक मन होतं आणि ते फार हुशार होतं. ते म्हणत होतं, की कागदावर तिची सही आहे, तू कोणाचा हात धरला नव्हतास. इतकी वर्षं झाली, ते मन अजून गेलेलं नाही. माझ्याकडून काही चुकलं की आजही आधी तेच बोलतं, पण आता मी त्याला ओळखते.

रविवारी दुपारी आई कोलंबी सोलत बसली होती. बाबा आणि भाऊ बाहेर होते. आईने मान वर न करता विचारलं, "त्या दिवसा चार वाजता तू खंय होतंस?"

मी म्हटलं, मावशीकडे, तूच तर पाठवलंस.

"मी हळदीकुंकवाक धाडलंय. वनिताक सांगूक कोण गेल्ला?"

मी हातातलं पुस्तक मिटलं.

"तिच्याकडे कागद घेवन तू गेल्लंस. ती तुझ्याकडे इल्ली नाय," आई म्हणाली आणि कोलंबीची सालं कागदात गुंडाळून उठली. ताटात मात्र रोजच्यासारखी मोठी कोलंबी मलाच वाढली.

सोमवारी संध्याकाळी पारूबाई आल्या. मुलगा पोचला होता, दुसऱ्या दिवशीच्या एसटीने दोघं अस्थी घेऊन गावी निघणार होते. त्या मंडळाचा डबा परत करायला आल्या होत्या. घासून लख्ख केलेला. सुतक आहे म्हणून रिकामा देते, नाहीतर कोणाचं भांडं असं रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही, असं त्या मामांना सांगत होत्या. खोलीत मामा, दोन-तीन सभासद आणि दारात पाण्याला निघालेल्या चार बायका. त्यांत वनिता वहिनी मागे, भिंतीला चिकटून. मी जिन्यात होते. पारूबाईंनी मला बघितलं आणि हाताने जवळ बोलावलं.

"तू म्हटलंस चार वाजता माणूस येतला," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "माणूस कित्याक इला नाय?"

एका बाईने वहिनींकडे मान वळवली. माझ्याकडे तेवढाच वेळ होता.

मी म्हटलं, "मी कोणाला सांगितलंच नव्हतं मावशी. जिचं नाव होतं तिला मी विचारलं नाही. तिला यायला जमणार नाही हे मला आधीच ठाऊक होतं. तरी मी तुम्हाला जायला सांगितलं."

"आणि तू?"

"मी हळदीकुंकवाला गेले होते. सह्या आणायला."

पारूबाईंनी पदराने डब्याचं झाकण पुसलं, जे आधीच कोरडं होतं, आणि डबा टेबलावर ठेवला.

"आंघोळ नाय केली तरी चलला असता गो माका," त्या म्हणाल्या.

एवढंच. माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, मीही मागितली नाही. ती मागायची गोष्ट आहे असं मला वाटलं नाही, आजही वाटत नाही. त्या मुलाच्या खांद्याला धरून चाळीच्या दाराबाहेर गेल्या. त्यांचं मला पुढे काहीच कळलं नाही. देवगडला मी दोनदा गेले, लग्नानंतर एकदा आणि नंतर एकदा, पण त्यांचं गाव कुठलं हे विचारून ठेवायचंही मला सुचलं नव्हतं.

त्या गेल्यावर वनिता वहिनी बादली घेऊन वर निघाल्या. माझ्यापाशी थांबल्या आणि म्हणाल्या, "तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं गं. मला सोडत नाहीत." मी त्यांची बादली घ्यायला हात पुढे केला, त्यांनी दिली नाही. त्यांच्या सासूबाई गॅलरीतून आत गेल्या आणि त्या विषयावर पुन्हा बोलल्या नाहीत. चाळीची समजूत पटली, की नवा विषय मिळाला, ते मला सांगता येणार नाही.

त्याच आठवड्यात मामांनी चैत्र संपायच्या आत दुसऱ्यांदा फळा पुसला. मंडळाच्या इतिहासात असं कधी झालं नव्हतं. त्यांनी सगळ्यांना खोलीत बोलावलं. माझे एकेचाळीस आणि गिरगावचे सात अर्ज टेबलावर गठ्ठा करून ठेवले होते. ते मला म्हणाले, हे तुझे, तू घेऊन जा. मग नेहमीसारखे खडू घेऊन उभे राहिले. एकेक जण पुढे येऊन "मी आहे" म्हणू लागला. एकेचाळीसपैकी सहा बायका आल्या. जुने धरून सगळी मिळून सतरा नावं. अर्धा फळा परत काळाच्या काळा. शेवटी मामांनी माझ्याकडे बघितलं आणि खडू तसाच धरून ठेवला. मला तोंड उघडता आलं नाही. मामांनी खडू खाली ठेवला आणि हात झटकले.

ते वर्ष मी कुठल्याही पाळीला गेले नाही. कॉलेजला जायचे, घरी यायचे, आईला मदत करायचे. दर गुरुवारी दुपारी चारच्या सुमाराला मला काही सुचत नसे. आई ते बघायची आणि मला काहीतरी निवडायला द्यायची, तांदूळ, मेथी, नाहीतर भावाचे फाटके शर्ट. पुढच्या पाडव्याला पहाटे पाटा वाजला, कडू गोळी हातावर पडली, बाबांनी गुढी बांधली. अकरा वाजता आईने गॅसवरची कढई उतरवून ठेवली आणि म्हणाली, "वडे मगे तळतंय. चल." ती स्वतः मंडळाच्या दारापर्यंत माझ्याबरोबर आली आणि दारात थांबली. रांगेत माझा नंबर आला. मामा आणखी वाकले होते. मी म्हटलं, "यंदा मी आहे. गुरुवारची चार ते सहा मला द्या." त्यांनी लिहिलं.

वनिता वहिनी सासूबाई गेल्यानंतर पाडव्याला खाली आल्या. तेव्हा त्यांचे केस पांढरे व्हायला लागले होते. त्यांनी शनिवार घेतला आणि पाय चालत होते तोवर पाळला. आम्ही दोघी मैत्रिणी झालो असं लिहिलं तर ते वाचायला बरं वाटेल, पण खरं होणार नाही. आमचं एकमेकींशी नीट होतं, एवढंच.

चाळ आता नाही. तिच्या जागी मोठा टॉवर आहे आणि आम्ही जुने भाडेकरू त्याच्या मागच्या इमारतीत, सातव्या मजल्यावर. मंडळ आहे. राणेमामांनंतर ते तीन हातांतून गेलं आणि सध्या ज्या मुलीकडे आहे ती बँकेत काम करते, झटपट आहे, मला आवडते. या पाडव्याला तिने ग्रुपवर निरोप टाकला, नवीन वर्षाची सभासद नोंदणी, इच्छुकांनी अंगठा दाखवावा. अर्ध्या तासात साठ अंगठे आले. ती आनंदाने फोन दाखवायला माझ्या दारात आली. तिच्या चेहऱ्यावरचा तो आनंद मी ओळखला आणि मला भीती वाटली. मी तिला आत बसवलं, आईच्या पाट्यावर वाटलेली गोळी तिच्या हातावर ठेवली आणि हे सगळं सांगितलं, जे इथे लिहिलं आहे. ती ऐकत होती. मग आम्ही दोघी लिफ्टने सगळ्यांत वरच्या मजल्यावर गेलो आणि एकेक दार वाजवत खाली आलो. काहींना आमचा त्रास झाला. एक जण म्हणाला, "आजी, अंगठा दिला ना, आता काय अ‍ॅफिडेव्हिट हवंय?" मी म्हटलं, "नाही बाळा, तोंडाने सांग." तो हसला, थोडा विचार केला आणि म्हणाला, की खरं तर जमणार नाही. मी त्याचे आभार मानले, अगदी मनापासून. साठांतले बावीस उरले.

डॉक्टरांनी मला जिने चढू नका म्हणून सांगितलं आहे आणि मुलगा म्हणतो, की या वयात वॉर्डात जाऊन आजार कशाला आणतेस. दोघांचंही बरोबर असेल. सध्या माझ्याकडे जळगावकडचे एक आजोबा आहेत. त्यांची सून त्यांच्याजवळ असते. तिला मी पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं आहे, की घड्याळाकडे बघायचं नाही, मी स्टुलावर बसलेली दिसले की मगच उठायचं. आज गुरुवार आहे. सव्वातीन झाले. मला हल्ली चालायला वेळ लागतो, म्हणून आता उठते.